सप्तकर्मीचं म्यान

गल्लीच्या तोंडाशी, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून वहिनींचं कातडीकामाचं दुकान होतं. खरं तर त्या वहिनी फक्त एकाच माणसाच्या, म्हणजे धाकट्या दिराच्या. पण भाऊजी दिवसातून इतक्या वेळा दारातून "वहिनी!" म्हणून हाक घालायचे की अख्ख्या गल्लीने तेच नाव उचललं. समोरचा औषधवाला वयाने त्यांच्याहून चांगला थोरला, पण त्याच्याही त्या वहिनीच.

दुकान मूळचं सासऱ्यांचं. त्यांच्या थोरल्या मुलाला लांब पल्ल्याची बस चालवायची होती, धाकट्याला जगातल्या प्रत्येक वस्तूत सुधारणा करायची होती, आणि कातड्याच्या वासाने दोघांनाही मळमळायचं. वहिनी लग्न होऊन आल्या आणि पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांच्या हातातली आरी मागून घेऊन त्यांनी एक टाका घातला. सासऱ्यांनी तो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला आणि सरकून बसायला जागा दिली. तेव्हापासून त्या तिथे बसल्या त्या बसल्याच.

हात सरळ, पण स्वभाव भारी वाकडा. म्हणजे दुष्ट नव्हे, खोडकर. औषधवाल्याला मोठा अभिमान, की लग्नातला पट्टा आजही त्याच भोकाला बसतो. पट्टा पॉलिशला आला की वहिनी बक्कल उसवून बोटभर अलीकडे घ्यायच्या आणि गुपचूप पुन्हा शिवून द्यायच्या. गडी गल्लीभर पोट आत ओढून हिंडायचा, आणि वहिनी गालातल्या गालात हसत पुढचा टाका घालायच्या.

तर एके दिवशी सकाळी भाऊजी काखोटीला काहीतरी मारून आले. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. मेजावरच्या वस्तू कोपराने बाजूला सारून त्यांनी तो टॉवेल असा उलगडला, की जणू आत तान्हं बाळ आहे.

वहिनींनी पाहिलं. मग मान तिरकी करून पाहिलं.

"भाऊजी, हे काय आहे?"

"सुरी."

"कुणाला चिडवून आलात? लोहाराला?"

"हसा. सगळेच आधी हसतात," भाऊजी म्हणाले. पाणीपुरवठा खात्यात मीटर दुरुस्त करता करता त्यांची उमर गेली होती, आणि निवृत्तीनंतर हातांना स्वस्थ बसवेना. आधी आपोआप बंद होणारं दार झालं. ते बंद छान व्हायचं, उघडायला मात्र खिडकीतून उतरावं लागायचं. मग स्वतःहून मिटणारी छत्री झाली, ती भर पावसात मिटायची. आता ही सुरी. ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी लोहाराकडून घडवून घेतलेली. पोट बदकासारखं फुगीर, मान एकदम बारीक, पाठीवर करवतीचे दाते, टोकाला पोपटाची चोच असावी तसा आत वळलेला आकडा, आणि मूठ अशी तिरपी बसवलेली की सुरी आणि मूठ यांचं आपसात भांडण झालंय असं वाटावं.

"सप्तकर्मी," भाऊजींनी नाव सांगितलं. "कापणं, सोलणं, चिरणं, बिया काढणं, बाटलीचं बूच, दोरखंड..."

"ही सहा झाली."

"सातवं अजून सुचायचंय. ते जाऊ द्या. रविवारी वाचनालयाच्या हॉलात हौशी कारागिरांचं प्रदर्शन आहे. मला मंचावर प्रात्यक्षिक द्यायचंय. त्याआधी कमरेला लावायला म्यान हवं. आणि असं, की एका हाताने, न बघता, सपकन बाहेर!" त्यांनी करून दाखवलं. वहिनींनी आपला चहाचा कप वेळेवर उचलला म्हणून वाचला.

भाऊजी गेले, आणि दुपारी मागच्या दाराने त्यांची बायको आली. वहिनींची धाकटी जाऊ. दोन बोटांना पट्ट्या बांधलेल्या.

"ताई, ती अवदसा तुमच्याकडे आलीये ना?"

"ही काय बसलीये मेजावर."

"ड्रॉवरमध्ये चमचा घ्यायला हात घालायची सोय राहिली नाही हो. यांचा अंगठा, माझी बोटं, पडदा, सोफ्याचा हात, सगळ्यांना तिने प्रसाद दिलाय. ताई, असं म्यान शिवा की एकदा आत गेली की बाहेर येताच कामा नये."

"अगं, पण रविवारी मंचावर त्यांचं हसं होईल."

"नाही निघाली तर फार तर हसतील. निघाली तर पहिल्या रांगेतल्या कुणाचं तरी नाक जाईल. तुम्हीच सांगा, काय बरं?"

वहिनींनी तिला चहा पाजून परत पाठवलं. कबूल काहीच केलं नाही. खोडी काढायची झाली तरी ती आपली आपल्याला सुचलेली असावी, सांगकामी खोडी त्यांना आवडत नसे. शिवाय मेजावर पडलेला तो विचित्र आकार त्यांना केव्हाचा चिडवत होता. शिवता येत नाही असं काही असतं, हेच त्यांना मान्य नव्हतं.

अडचण साधी होती. पोट मोठं, मान बारीक. पोट आत जाईल एवढं तोंड ठेवावं, तर मान सैल राहते आणि सुरी खुळखुळ्यासारखी वाजते, वाकलं की खाली पडते. मानेला घट्ट बसेल असं तोंड ठेवावं, तर पोट आत शिरणार कुठून? वहिनींनी पुठ्ठ्याचा नमुना कापला आणि फेकला. दुसरा कापला, तो फाडून फेकला. मग त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि सायकलवाल्याशी उगाचच भांडल्या, की तुझ्या पंपाच्या आवाजाने माझं डोकं चालत नाही. बिचारा पंप खाली ठेवून बसून राहिला.

शेवटी त्यांनी तोंड मोठंच ठेवायचं ठरवलं, आणि आतल्या बाजूला जाड कातड्याची एक जीभ शिवायची. पोट आत जाताना जीभ दबेल, पोट पुढे गेलं की वर उठून मागून त्याला धरून ठेवेल. कातडं कोमट पाण्यात भिजवलं, सुरीला तेलकट कागद गुंडाळला, आणि त्या बदकाच्या अंगावर ओलं कातडं अंगठ्याने दाबत, चेपत, आकार काढला. वाळल्यावर कडेने आत एक पट्टी घातली, म्हणजे पात्याची धार टाक्यांना लागू नये. मेण लावलेला दोरा, दोन सुया, एका भोकातून समोरासमोर. कड लाकडाने घासून घासून अशी केली की बोट फिरवत राहावंसं वाटावं. मग सुरी आत सोडली. टप्प असा आवाज झाला. उलटी केली, हलवली. पडेना की वाजेना. वहिनी स्वतःवर बेहद्द खूश झाल्या.

मग त्यांनी ती बाहेर ओढली. येईना.

अजून जोराने ओढली. येईना. जितकं ओढावं तितकी जीभ पोटाच्या मागे घट्ट रुतत होती. वहिनींनी म्यान दोन गुडघ्यांत धरलं. सायकलवाल्याला बोलावलं. त्याने खालून ओढलं, यांनी वरून ओढलं, आणि दोघंही दोन दिशांना बसले. सायकलवाला म्हणाला, "वहिनी, टायर असता तर हवा सोडली असती." वहिनींनी त्याला हाकलून दिलं आणि वैतागून सुरीच्या मुठीवर एक गुद्दा घातला. सुरी आणखी आत गेली, चोच तळाशी टेकली, जीभ सैल पडली, आणि मूठ डावीकडे जराशी कलंडताच सुरी लोण्यातून यावी तशी हातात आली.

वहिनी बराच वेळ तिच्याकडे बघत बसल्या. आत घातली. ओढली, येईना. आत दाबली, डावीकडे कलंडवली, आली. पुन्हा एकदा. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू पसरलं, जे पाहून सासरे एके काळी लगेच आपला चष्मा जागेवर आहे का ते तपासायचे. जीभ कापून लहान करायला कात्रीचे चार चावे पुरले असते. वहिनींनी कात्री उचलली, खिळ्याला अडकवून ठेवली आणि निरोप धाडला, म्यान तयार आहे.

भाऊजी आले आणि हरखून गेले. "वहिनी, हे म्यान आहे की दागिना!" सुरी त्यातच होती. कमरेला लावून त्यांनी आरशासमोर पवित्रा घेतला, मुठीवर हात टाकला आणि सपकन... त्यांची पँट वर आली, सुरी जागची हलली नाही.

"नवीन कातडं आहे भाऊजी," वहिनी सुई ओवत म्हणाल्या. "ओल जाऊ द्या."

"हो, हो, ओल. माझ्या लक्षात आलं होतं."

त्या दिवसापासून भाऊजी सुरी कमरेला लावून हिंडू लागले. चालण्यात एक तोरा आला. औषधवाला म्हणायचा, "काढून दाखवा की!" त्यावर भाऊजी गंभीरपणे म्हणायचे, "हत्यार उगाच उपसायचं नसतं." रोज सकाळी दुकानात डोकवायचे. "वहिनी, अजून ओल आहे का हो?" वहिनी ओठ चावून म्हणायच्या, "थोडी आहे." जाऊबाईंच्या बोटांच्या पट्ट्या सुटल्या. येता-जाता ती ताईंकडे बघून डोळे मिचकावून जायची.

रविवार जवळ आला तशी वहिनींची झोप मात्र उडाली. गंमत गल्लीत ठीक होती, पण भरल्या हॉलात? दिराची फजिती झाली तर ती आपल्यामुळे. सांगून टाकावं असं रोज ठरवायच्या, आणि सकाळी भाऊजी तो ओलीचा प्रश्न असा काही विचारायचे की हसू दाबता दाबता सांगायचं राहून जायचं.

हॉल भरला होता. कुणी आगपेटीच्या काड्यांचा पूल आणला होता, कुणी पाय चेपणारी खुर्ची. मंचावर टेबल, टेबलावर कलिंगड, कलिंगडासमोर भाऊजी. वहिनी दुसऱ्या रांगेत. भाऊजी बोलू लागले आणि बोलतच राहिले. मग त्यांचा हात मुठीवर गेला. वहिनींनी न राहवून बसल्या जागेवरून दोन्ही हातांनी हवेत ढकलल्यासारखं केलं, आणि मग डावीकडे मान कलंडवली. शेजारच्या बाईंनी आपली पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

भाऊजींनी वहिनींकडे बघितलं. अगदी प्रेमाने हसले. मग सुरी शांतपणे आत दाबली, डावीकडे कलंडवली, आणि एका हाताने, न बघता, सपकन बाहेर काढली.

कलिंगड दुभंगलं, त्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. "हे म्यान कसं उघडलं? पुन्हा दाखवा!" समोरून मागणी. भाऊजींनी पहिल्या रांगेतल्या पहिलवानासारख्या गृहस्थांना वर बोलावलं. ते लालबुंद होईस्तोवर ओढत राहिले, सुरी हलली नाही. भाऊजींनी दोन बोटांनी काढून दिली. टाळ्याच टाळ्या.

"हे कुलूप," भाऊजी छाती पुढे काढून म्हणाले, "माझ्या डोक्यातून निघालं. शिवण फक्त आमच्या वहिनींची."

वहिनी अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. सांगणार काय? कुलूप माझं आहे, मी ते सख्ख्या दिराला फसवायला ठेवलं होतं, असं? त्यांनीही मग टाळ्याच वाजवल्या.

नंतर वहिनी, भाऊजी आणि जाऊबाई अशी तिघं हॉलच्या पायऱ्यांवर कलिंगडाच्या फोडी खात बसली.

"कधी कळलं?" वहिनींनी विचारलं.

"त्याच संध्याकाळी. मीटर दुरुस्त केलेत मी आयुष्यभर. जे ओढून येत नाही ते आधी आत दाबून बघायचं."

"आणि रोज ओल विचारायला यायचात ते?"

"तुमचा चेहरा बघायला. हसू दाबताना तुमचे कान हलतात वहिनी, माहितीये?"

वहिनींचा हात नकळत कानाकडे गेला. "मग घरी का नाही काढलीत?"

भाऊजींनी फोडीतली एक बी बोटाने उडवली. "काढली की मलाच कापायची हो. म्यानात असली की कशी शहाण्यासारखी वागते. आणि तुम्ही दोघी इतक्या खुशीत होतात, म्हटलं कशाला विरस करा."

आता जाऊबाई खळखळून हसायला लागली. इतकी, की तिच्या हातातली फोड पायरीवर पडली.

"तुला काय झालं?" भाऊजी म्हणाले.

"अहो, मला पण येते ती काढता. तुम्ही अंघोळीला गेलात की म्यान खुंटीवरच असायचं. एकदा वैतागून भिंतीवर आपटलं तर आपली आपण बाहेर आली."

"काढून करायचीस काय?"

"ती पुढची चोच आहे ना, ती मोरीच्या जाळीत अडकलेले केस काढायला इतकी सोयीची पडते! तुमचं ते सातवं काम." मग तिने दोघांचे चेहरे पाहिले. "धुवायचे हो मी! साबणाने!"

भाऊजींनी हातातली अर्धी फोड अलगद खाली ठेवली. तोंडात होती तिचं काय करावं हे त्यांना ठरवता येईना. वहिनींनी मात्र क्षणभर विचार केला, आपल्या फोडीकडे पाहिलं, आणि पुढचा घास घेतला. कलिंगड खरोखरच गोड निघालं होतं.

त्या आठवड्यात माळी आपली वाकडी छाटणीची सुरी घेऊन आला, मग फुलवाली आली, मग पहिल्या रांगेतले पहिलवान गृहस्थ त्यांच्या वडिलांची शिकारीची सुरी घेऊन आले. सगळ्यांना भाऊजींच्या कुलुपाचं म्यान हवं होतं. भाऊजी दुकानात स्टूल टाकून गिऱ्हाइकांना उघडायचं शिकवायला बसू लागले, आणि मध्येच वहिनींच्या आरीत काय सुधारणा करता येईल तेही सांगू लागले. वहिनी ऐकून घ्यायच्या, हुं हुं करायच्या. मग एक दिवस फुलवालीच्या म्यानातली जीभ त्यांनी गुपचूप नेहमीच्या उलट बाजूला शिवली, भाऊजींना बोलावलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, या बाईंना जरा दाखवता का उघडून?"

आणि दोन्ही हातांनी आपले कान घट्ट धरून बसल्या.