घरची ढेप आणि बाजारची

विमलताई गेल्याचा फोन त्यांच्या भावाचा, दत्तूचा होता. झोपेतच गेल्या म्हणे... मी आधी त्याला आईमाईवरून शिव्या घातल्या आणि मग रडलो.

ताई शेतीच्या शास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर आमच्या सोलापूरच्या छोट्याशा वाहिनीवरून गिऱ्हाइकांना शहाणं करायचा त्यांनी विडाच उचलला होता. कॅमेरा माझा असायचा. पिवळाधम्मक गूळ दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. रंग उजळायला रसात पावडर मारतात, काळपट गूळ घ्या, असं त्या भर बाजारात ओरडून सांगायच्या. एकदा एका अडत्यानं त्यांच्या अंगावर वजनाचं माप भिरकावलं. ताईंनी तेच उचलून त्याच्या काचेच्या कपाटावर हाणलं आणि मला विचारलं, "घेतलंस का रे?" म्हणजे शूटिंग! बाई कुणाच्या बापाला भीत नव्हती.

अकलूजजवळ दत्तूचं गुऱ्हाळ होतं. तिथं नको, असं मी परोपरीनं सांगितलं. "दुसऱ्याचं उघडं करायचं आन् माज्या माहेराचं झाकायचं व्हय?" ताई उसळल्या. गेलो. कढई रटरटत होती. बहीण आलेली बघून दत्तू इतका हरखला, की कॅमेरा चालू आहे याचंही त्याला भान राहिलं नाही. आतून ढेप आणून त्यानं तिच्या ओटीत घातली. "ताई, ही घरची हाय. हिच्यात पावडर न्हाय, तुज्यासाठी येगळी काडलीया."

ताई ढेप ओटीत तशीच धरून माइककडे वळल्या. "ऐकलं का? घरच्यांना येगळा गूळ, तुमाला येगळा."

दत्तूनं कढई ढवळायचं लांब लाकडी फावडं उचललं आणि फिरवलं. हाड मोडल्याचा आवाज माइकमध्ये आला. दुसरा घाव कॅमेऱ्यावर बसला. खांदा मोडलेला, कान फाटलेला, लुगडं रक्तानं भिजलेलं, आणि ताई चिखलातून ओरडत होत्या, "आजच लाव बातमी! आजच!" कॅमेऱ्यातलं कार्ड वाचलं होतं. ताईंनी भावावर तक्रार केली नाही, बातमी मात्र थांबवू दिली नाही. गुऱ्हाळ बसलं, माहेर तुटलं.

पुढं दत्तूनं पावडर सोडून पुन्हा चुलाण पेटवलं. गिऱ्हाईक फिरकेना. ताईंनी एकदा टीव्हीवर चांगलं सांगावं, म्हणून तो पाया पडायला आला. "भावाची जाहिरात मी करणार न्हाय," म्हणत त्यांनी दार त्याच्या तोंडावर आपटलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

तेराव्याला चहासाठी दत्तूनं ताईंच्या स्वयंपाकघरातला गुळाचा डबा उघडला. आत दुकानातून आणलेली पिशवी, काळपट गूळ, अर्धाअधिक संपलेला. पिशवीवर शिक्का दत्तूच्याच गुऱ्हाळाचा... चार गिऱ्हाइकांसारखा विकत आणून ताई तो रोज खात होत्या. "सांगायचं की गं, ताई! मला तरी सांगायचं की!" दत्तू ओट्यावर कपाळ आपटत राहिला. रक्त आलं. मी त्याला आवरलं नाही.