उंदीरमामांचे आठ दिवस

आमच्या संशोधन केंद्रात उंदरांची खोली सांभाळणाऱ्या माणसाला सगळे उंदीरमामा म्हणत. अगदी तोंडावरसुद्धा. ते हसून घेत. मी तळमजल्यावर काचसामान धुते. माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे, पण मामांवर ती चालवायला मन होत नसे. घरी वाट बघणारं कोणी नाही म्हणून सुट्टीच्या दिवशीही पिंजरे पुसायला येणाऱ्या माणसाला काय चिडवायचं?

मामी रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या. शेवटचे वीस दिवस काचेआड. संसर्ग होईल म्हणून मामांना आत सोडत नसत. त्या जेवेनाशा झाल्या तेव्हा मामा बाहेरून नुसते हातवारे करत, खा गं, दोन घास तरी खा. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, जेवताना, आणि पुढ्यातला डबा तसाच बंद केला.

नशीब बघा, त्यांच्या खोलीत काम चाललं होतं तेही ह्याच आजारावर. तो प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी औषधाचे अतिसूक्ष्म कण बनवले होते. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक, एवढे. ते थेट बिघडलेल्या पेशींत शिरतील आणि चांगल्या पेशींना धक्का लागणार नाही, अशी आशा. आजारी उंदरांपैकी निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या पिंजऱ्यात काय, ते मामांना सांगायचं नाही असा नियम. कोण किती दिवस जगला एवढं त्यांनी वहीत लिहायचं.

निकाल आला आणि मॅडमचा चेहरा उतरला. दोन्ही गटांत फरक जेमतेम दोन-तीन दिवसांचा. चार वर्षांची मेहनत मातीत गेली म्हणाल्या. सोमवारपासून काम बंद करायचं ठरलं.

त्या दुपारी मामा माझ्या बेसिनपाशी येऊन उभे राहिले.

"ताई, हे माझ्यामुळे झालं."

"तुम्ही काय केलंत? औषध स्वतः प्यायलात?"

"खाणं वर जाळीत असतं. अंगात त्राण नसलं की त्यांचं तोंड तिथवर पोचत नाही. मी खाण्याच्या गोळ्या भिजवून खाली ठेवत होतो, जे अगदीच गळाले त्यांच्यापुढे. वहीत लिहिलं नाही."

माझ्या हातातली बाटली हातातच राहिली. लवकर गळणारे ते बिनऔषधाचेच. मामांनी घास घालून त्यांना तगवलं, आणि औषधाचा गुण झाकला गेला.

"गप्प बसा मामा," मी म्हटलं. "सांगितलंत तर ती खोली जाईल तुमची."

"जाईल. पण नाही सांगितलं तर औषध जाईल."

ते जिना चढून गेले. मॅडम ओरडल्या नाहीत म्हणे. नुसतं म्हणाल्या, "मामा, निदान लिहायचं तरी होतंत." प्रयोग पुन्हा करायचं ठरलं, नवे उंदीर, नवा माणूस. मामांची बदली कोठारात झाली. तिथे श्वास घेणारं काहीच नव्हतं, नुसती खोकी.

तीन महिन्यांनी वरच्या मजल्यावर टाळ्या वाजल्या. खाली मामांना कळवावं हे एकालाही सुचलं नाही. माझं डोकं फिरलं. हात पुसायलाही न थांबता मी कोठारात गेले. मामा खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते.

"मामा, लागू पडलं! औषधवाले महिनाभर जगले, काही तर अजून आहेत."

त्यांचा चेहरा खुलला. "खरंच? छान झालं. फार छान झालं." मग त्यांनी विचारलं, "आणि दुसरे?"

"अठराव्या दिवसापर्यंत सगळे गेले."

ते खाली बसले. बोटांवर काहीतरी हिशेब केला.

"माझ्याकडे सव्वीस दिवस काढले होते त्यांनी. म्हणजे आठ दिवस जास्त." डोळे कोरडेच होते, आवाज मात्र फाटला. "उंदरांना आठ दिवस दिले ताई मी. तिला एक घास देता आला नाही."