पोत्यातला सोंगाड्या, रेडिओतला म्हातारा

आमच्या झाडीपट्टीत खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, उघड्यावर उभी राहते. पडदा नसतोच, तेव्हा सोंगाड्या पडद्याआडून येणार कसा? शाहीर मधोमध उभा राहून विचारतो, "या गावात शहाना मानूस हाय का कोनी?" आणि बघणाऱ्यांत बसलेला सोंगाड्या तिथूनच ओरडतो, "हाय जी, पन तो मंडईले आला नाही." मग ढोलकीवर थाप पडते आणि लोक पोट धरून हसतात. आपल्याला सोडून बाकीच्यांना म्हटलं, असं प्रत्येकाला वाटतं. देश स्वतंत्र झाला त्याच्या आगेमागे दवनीवाड्याच्या बाजूला कित्येक वर्षं तो ओरडणारा मी होतो.

घरी धानाची शेती होती, म्हणजे पोटासाठी नाचत नव्हतो. हौस होती. गोंदियाच्या राइस मिलचं एक पोतं होतं, त्याला डोकं आणि हात घालायला भोकं पाडली की झाला माझा कोट. विनोद मी नीट करायचो. बोलायचं आणि थांबायचं, ही माझी पद्धत. पुढे माझी लेक बसलेली असायची. तिला सगळे जवाब पाठ, तरी सगळ्यांत आधी तीच हसायची. तिचं हसू फुटलं की बाकीचे मागून यायचे. मी थांबायचो ते तिच्यासाठीच.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. भरदिवसा गंमत चालते, पाहुणे येतात आणि येता येता पोरी बघून जातात. लेक लग्नाची झाली तशी एका मंडईला तिला बघायला पाहुणे आले. तिच्या हातचा चहा प्यायले, मग बाप कुठे आहे म्हणून मंडईत आले. बाप पोतं घालून गाढवासारखा रेकत होता. पाहुणे तिथूनच परस्पर गेले.

"पोरीचा बाप असा रेकून राहिला, हे पाहून कोन मांगल तिले?" बायको म्हणाली. "तुमाले लोकाचं हसू पायजे. माया पोरीले घर पायजे."

मी चिडून म्हणालो, "हसणाऱ्यांत त्यांचेच भाऊबंद होते." पण पुढच्या वर्षीही असंच झालं. रात्रंदिवस तोच घोर लागला.

त्याच सुमारास गोंदियाला शेतकी प्रदर्शनात आमची गंमत झाली. तिथे नागपूरच्या रेडिओचे एक साहेब आले होते. खेड्यातल्या लोकांसाठी नाटुकल्या बसवायचे. त्यांनी मला नागपूरला बोलावून घेतलं. काचेच्या खोलीत माझ्या हातात कागद दिला. बैल मेलेल्या एका म्हाताऱ्याचं बोलणं होतं. पहिलंच वाक्य, "आमचा बैल माझ्यापेक्षा शहाणा, म्हणून आधी गेला." मला वाटलं, हा विनोद आहे. मी सवयीने बोललो आणि सवयीने थांबलो.

ढोलकी वाजली नाही. कुणी हसलं नाही. अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. पुढचं वाक्य मी कसंबसं वाचलं.

मी बाहेर आलो तेव्हा साहेब चष्मा पुसत होते. म्हणाले, "काय थांबलात हो! सगळं दुःख त्या थांबण्यात आलं."

मी कशासाठी थांबलो होतो ते त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. तेव्हापासून मी रेडिओतला म्हातारा झालो. कधी पोराने टाकलेला, कधी पुरात घर गेलेला, कधी नुसताच मरायला टेकलेला. दर वेळी हसू येईल म्हणून थांबायचो, आणि दर वेळी मोठा नट ठरायचो. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे बसून लोक माझ्यासाठी हळहळायचे. मला मात्र ती खोली खायला उठायची.

पण सोयरीक आली. कामठ्याहून, खात्यापित्या घरातून. पोराचा बाप रेडिओ ऐकणारा होता. त्याने अट स्पष्ट सांगितली, "रेडिओ चालते. पन पोतं घालून उभं राहाचं नाही. कधीच नाही." मी हो म्हणालो. बायकोने देवापुढे साखर ठेवली. पोतं मी शाहिराला देऊन टाकलं. त्याने घडी करून काखेत धरलं.

लग्नानंतर दोन वर्षांनी लेकीच्या सासऱ्याने, माझ्या इवायाने, कामठ्याच्या मंडईला बोलावलं. मी धुतलेलं धोतर नेसून खाटेवर बसलो. गंमत आमच्याच शाहिराची होती. त्याने मला पाहिलं. नवा सोंगाड्या कोपऱ्यात बसला होता, त्याच्या अंगात माझंच पोतं होतं. शाहिराने त्याच्याकडे पाठ केली आणि माझ्याकडे तोंड करून हाक दिली, "या गावात शहाना मानूस हाय का कोनी?"

जवाब जिभेवर आला होता. इवाई शेजारी होते. पलीकडे बायकांत लेक बसली होती, मान उंच करून माझ्याकडे बघत होती. तिला घोर लागला असणार, बाप इज्जत घालवतो की काय, असं मला वाटलं. मी दात आवळून बसलो. शाहीर पुन्हा विचारून थांबला. शेवटी त्या नव्या पोराने जवाब दिला, न थांबता, भरभर. लोक थोडे हसले. इवायाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू येत होतं.

जेवताना लेक वाढायला आली. बाकीचे पुरुष हात धुवायला उठले होते.

"बाबा, तुमी काऊन नाही बोलले? मी वाट पाहून राहिली होती."

"तुझ्यासाठीच गप्प बसलो, बाई. तुझ्या घरासाठी पोतं सोडलं."

तिने भाताची परात खाली ठेवली.

"मले कोनी इचारलं होतं का?" ती म्हणाली, आणि माझ्या पानात भात वाढून आत गेली.