छातीत अडकलेला घास

परभणीच्या ज्या डॉक्टराला माझी धाकटी जाऊ देवमाणूस म्हणते, त्याचा विषय घरात निघाला की मी उठून चुलीकडं जाते. आता तुम्ही म्हणाल, एकच माणूस दोघींना दोन तऱ्हेचा कसा? तेच तर सांगायला बसले आहे. आणि आधीच सांगून ठेवते, जाऊ खोटं बोलत नाही. तिला चालताना दम लागायला लागला तेव्हा हा डॉक्टर खुर्चीवरून उठून तिच्यापाशी आला, छातीला नळी लावली, खोदून खोदून विचारलं आणि नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात स्वतः फोन केला. फोनवर म्हणाला, माझी काकू आहे असं समजा. जाऊ वाचली. मग तिनं त्याला देव म्हटलं तर तिचं काय चुकलं?

पण माझे मालकही त्याच खोलीत, त्याच स्टुलावर बसायचे.

मालकांचं असं झालं की जेवताना भाकरी छातीत अडकायला लागली. घास गिळायचे आणि थांबायचे, छातीवर मुठीनं हळूहळू मारायचे, मग घोटभर पाणी. मी म्हटलं, भाकरी वाळली असंल. ताजी करून वाढली, तरी तेच. मग वरणात कुस्करून देऊ लागले. शेवटी म्हटलं, हे काही बरं लक्षण नाही, चला परभणीला. आमच्या पेडगावहून परभणी काही लांब नाही, ऑटोत बसलं की आलंच. जावेच्याच डॉक्टराकडं गेलो. जावेनंच सांगितलं होतं, हाताला लय गुण हाय.

त्या दवाखान्याची एक रीत होती. आत पेशंट तपासत असताना पुढचे तीन-चार जण आतच बाकावर बसवून ठेवायचे. म्हणजे एकाचं दुखणं सगळ्यांनी ऐकायचं आणि एकाला पडलेल्या शिव्यासुद्धा. आमच्या पुढं एक शेतकरी माणूस होता. डॉक्टरानं विचारलं, फरक आहे का? तो म्हणाला, न्हाई साहेब, काहीच फरक न्हाई. झालं. डॉक्टरानं त्याची फाईल टेबलावरून ढकलून दिली. गोळ्या वेळेवर घेत नाही, तंबाखू सोडत नाही, आणि वर इथं येऊन मला सांगता? पटत नसेल तर डॉक्टर बदला. तो बिचारा फाईल उचलून कपाळाला लावून बाहेर गेला. मालक बघत होते. मालक तसे गावात चार माणसांत बसणारे, पण शिकलेल्या माणसासमोर टोपी काढून हातात धरायचे.

आमची पाळी आली. डॉक्टरानं मान वर न करता विचारलं, काय होतंय? मालक म्हणाले, जेवण नीट जात न्हाई. ॲसिडिटी म्हणून त्यानं गुलाबी औषधाची बाटली लिहिली, तिखट बंद करायला सांगितलं. पोटाला हात लावला नाही, गळा चाचपून बघितला नाही.

बाटली संपली, पुन्हा गेलो. फरक आहे का? मालकांनी टोपी काढली आणि म्हणाले, फरक हाय, साहेब. मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. सकाळी चहात बुडवलेला पाव धड गिळला नव्हता या माणसानं. मी पुढं होऊन म्हटलं, न्हाई वो साहेब, फरक काहीच न्हाई, घास उतरत न्हाई त्यांचा, आता पातळच खायलेत.

डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाला, "आजी, पेशंट तुम्ही आहात का? ज्याला दुखतंय त्याला बोलू द्या."

बाकावरचे लोक हसले. मालकांनी पुन्हा सांगितलं, फरक हाय.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाला त्याच्या दवाखान्यात खोटं पाडतीस?"

मी म्हटलं, तुमचा जीव जायलाय आणि तुमाला त्याच्या अब्रूची पडली. ऑटोत माझ्याकडं पाठ करून बसले.

जाऊ असती तर काय केलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. तिनंही एकदा त्याला फरक नाही म्हणून तोंडावर सांगितलं होतं. तो म्हणाला, मग डॉक्टर बदला काकू. ही म्हणाली, बदलून जाऊ कुठं? दुसरा कोणता डॉक्टर माझी बडबड ऐकून घेईल? डॉक्टर खो खो हसला आणि त्याच दिवशी त्यानं तिला नीट तपासलं. म्हणजे हसवता आलं की तपासणार. आमच्या मालकांना कुठलं हसवता यायला? आणि मी तर आजी, पेशंट नसलेली.

असं कितीतरी दिवस चाललं. औषधाचा रंग बदलायचा, मालकांचं उत्तर बदलायचं नाही. घरात मी ताक, पेज, मऊ भात, सगळं करून बघितलं. पायजम्याची नाडी दर आठवड्याला आत ओढून बांधायचे आणि म्हणायचे, बारीक झालं की म्हाताऱ्याला बरं असतं. शेवटी पेजही वर यायला लागली तेव्हा जावयानं कुणालाच न विचारता गाडी केली आणि नांदेडला नेलं. तिथं तोंडातून दुर्बीण घालून बघितलं. अन्ननळीत गाठ होती. तिथल्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, इतके दिवस कुणाला दाखवलं नाही का? मालक माझ्याकडं बघायला लागले. त्या दिवशी मात्र त्यांनी टोपी काढली नव्हती.

पुढचं सांगत नाही. पेरणीच्या आधी गेले.

यंदा मला चकरा यायला लागल्या. मी त्या दवाखान्याचं नाव काढू देत नव्हते, पण मी परसात पडले आणि जावेनं मला काही विचारलंच नाही, ऑटोत घातलं. आत गेलो. जाऊ सोबत म्हटल्यावर डॉक्टर खुशीत. काकू, आज कुणाला धरून आणलंत? माझ्या दंडाला पट्टा बांधला, बीपी बघितलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. हात अगदी हलका. खोटं कशाला सांगू, पोटच्या लेकानं करावं तसं करत होता. मग माझा चेहरा त्याच्या ध्यानात आला.

"तुमच्याबरोबर काका यायचे ना? फार चांगला पेशंट. कधी कुरकुर नाही. कसे आहेत?"

मी म्हटलं, "वारले."

"अरे. कशानं?"

"घास उतरत नव्हता."

त्यानं पेन खाली ठेवला. बाकावरच्या तिघांनी माना वर केल्या. डॉक्टर म्हणाला, "मग आजी, मला सांगायचं होतं ना."

मी म्हटलं, "सांगितलं होतं, साहेब."

तो माझ्याकडं बघत राहिला. आठवलं की नाही, देव जाणे. मग त्यानं पेन उचलला आणि गोळ्या लिहिल्या, सकाळची कोणती, रात्रीची कोणती, हे मला दोनदा समजावून सांगितलं आणि पुढच्याला स्टुलावर बसायला सांगितलं.

बाहेर आलो. मेडिकलसमोर उभं राहिल्यावर जावेनं माझा हात धरला. तिचे डोळे भरलेले होते. म्हणाली, "बाई, तवा मला का न्हाई नेलं संगं? मी बोलले असते त्यांच्याशी."

ती मायेनंच म्हणाली, मला कळतं. पण डॉक्टराच्या बोलण्यापेक्षा हे मला जास्त लागलं. मी काय मुकी होते त्या खोलीत? मी हात सोडवून घेतला आणि मेडिकलवाल्यापुढं चिठ्ठी सरकवली.

गोळ्या चालू आहेत. चकरा थांबल्या.