दत्तूभाऊजींचा डावा कान

वैरागहून एस.टी.नं आलेल्या माणसानं दारातूनच सांगितलं, "वैनी, तुमचे दीर गेले..." दत्तूभाऊजी, माझे धाकटे दीर. आमचे हे मागावर चादर विणत होते. पायही थांबला नाही ह्यांचा. मीच किंचाळले, "अहो, तुमचा भाऊ मेला!" महिना झाला त्याला.

लष्करातून सुटून भाऊजी भवानी पेठेत आमच्याकडं आले, तेव्हा ट्रंकेत एक ट्रान्झिस्टर होता आणि डोक्यात लेहच्या बाजारातली गाणी. चीनची सरहद्द बंद झाल्यानं तिथं अडकलेला, पलीकडच्या यारकंदचा एक म्हातारा दोन तारांचं दुतार वाजवायचा. "वैनी, उइगूर लोक ते. भाषा कळत न्हाय, पर ऐकतच ऱ्हावं वाटतंय की!" रोज संध्याकाळी भाऊजी खरखरीतून तेच सूर शोधायचे. चीनचा रेडिओ ऐकतो म्हणून गल्लीतल्या दोघांनी एकदा त्यांना भिंतीवर आपटलं. नाकाचं रक्त पुसत आत आले आणि परत बटण फिरवायला बसले.

त्यात भर पांढऱ्या उंदरांची. कॉलेजातल्या शिपायानं दिलेली जोडी, नावं हवालदार आणि सुभेदार! विणकराच्या घरात उंदीर पाळायचे म्हणजे काय सांगू... सूत ताठ राहावं म्हणून पिठाची खळ लावतात, त्या वासावर घरातले काळे उंदीर येतात आणि मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा कुरतडला की सगळी चादर गेली. हे धुमसायचे, "दत्त्या, एक दोरा तुटला तर ठेचीन एकेकाला." भाऊजी हवालदाराला खिशात घालून हसायचे, "दादा, ह्याला गाणं कळतंय, तुला न्हाय."

मग ती सकाळ आली. ताणा मधोमध कुरतडलेला. ह्यांनी पिंजरा उचलून फरशीवर आपटला आणि दोन्ही जीव टाचेखाली चिरडले. तो आवाज अजून ऐकू येतो मला. भाऊजींनी ह्यांचा गळा धरला. ह्यांनी आडवा दोरा नेणारा लोखंडी टोकाचा धोटा घेतला आणि डाव्या कानावर घातला. एकदा नाही, तीनदा. रक्त खळीच्या भांड्यात उडालं... माझी नजर त्या भांड्यावरच होती. ते झाकून मागाखालून उचलायचं काम माझं, आणि आदल्या संध्याकाळी मी विसरले होते. भोवती काळ्या उंदरांच्या लेंड्या. पिंजऱ्याची कडी तर आपटेपर्यंत लागलेली होती. मी भांडं मोरीत नेऊन घासलं आणि गप्प बसले.

कान कायमचा गेला. भाऊजी वैरागला अडतीवर कामाला लागले, भावाभावांत पुढं शब्द नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी एकटीच त्यांना भेटायला गेले. दम्यानं पार वाळलेले, उजव्या कानाशी ट्रान्झिस्टर, पोटावर एक नवा पांढरा उंदीर. मी डाव्या बाजूला टेकले आणि सगळं ओकले. भांडं, लेंड्या, कडी. भाऊजी वळले, "काय म्हणालात वैनी? ह्या बाजूला या की." मी गेले त्या बाजूला आणि म्हणाले, "काही नाही, चहा टाकू का?" आधी डावीकडं का बसले, ते मला पक्कं ठाऊक आहे.

दिवस घालून हे वैरागहून परतले ते ट्रान्झिस्टर आणि उंदराचा पिंजरा घेऊन. पिंजरा मागाशेजारीच ठेवलाय. रोज आपल्या हातानं ज्वारीचे दाणे घालतात, आणि तरी पुटपुटतात, "ताणा तुमीच खाल्ला हुता की रं."

मी लिहिलेलं हे सगळं छापून आलं की ह्यांना समोर बसवून मी मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. धोटा ह्यांच्या हाताशी असेल तर असू दे.