निंबाखालची लालीबाई

जमनीबाईंची पोरगी संगीता ज्या कडुनिंबाखाली पुरली आहे, त्याच कडुनिंबाखाली आम्ही दर पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्याचं नाटक करायचो. मी अकरा वर्षं ते बसवलं. "पाय आपटा, जोरात आपटा," असं पोरांना मीच ओरडून सांगायचे. खाली कोण आहे, हे मला यंदाच्या जूनमध्ये कळलं.

मी नुजहत. घाटंजीहून रोज स्कूटीनं तांड्यावरच्या शाळेत येते. जमनीबाईंचे यजमान उत्तमसिंग आमच्या शाळेत शिपाई होते. शिपाई कसले, खरे हेडमास्तर तेच. हेडमास्तर बदलत राहायचे, उत्तमसिंग कायम. संगीता त्यांची एकुलती एक. सहाव्या वर्षी दोन दिवसांच्या हगवणीनं गेली. तांड्यात लग्न झालेल्यांना अग्नी देतात, बिनलग्नाच्यांना पुरतात. उत्तमसिंगांनी तिला रातोरात, कोणाला न बोलावता, स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पुरलं आणि वर निंबाचं रोप लावलं.

झाड वाढलं, तसं ते विजेच्या तारांना आडवं येऊ लागलं. एक दिवस वायरमन कुऱ्हाड घेऊन हजर. हगवणीनं मेलेल्या पोरीचं नाव सांगून झाड वाचणार नाही, एवढं उत्तमसिंगांना बरोबर कळत होतं. त्यांनी सरळ ठोकून दिलं, की हे झाड स्वातंत्र्याचं आहे. इंग्रजांनी जंगल बंद केलं, तेव्हा तांड्यातल्या लालीबाईनं याच झाडाला विळा टांगून शिपायांना सुनावलं होतं, जंगल आमचं, गवत आमचं. लालीबाई नावाची कोणी बाई झालीच नव्हती. पण वायरमन बिचकला आणि खांब चार पावलं सरकला. पुढे गोष्ट टिकवायची म्हणून उत्तमसिंगांनी शाळेच्या वहीत तिचं नाटक लिहिलं. लहानपणी ते नाटक केलेली पोरं आता बाप झाली आहेत. चाळिशीही न गाठलेलं झाड असं शंभर वर्षांचं झालं, आणि मोजायला कोणी बसलं नाही. मी तर शिकलेली, पण मीही नाही बसले.

उत्तमसिंग तीन वर्षांपूर्वी गेले. जमनीबाई तेव्हा रडल्या नाहीत. दिवस झाल्यावर पुन्हा निंदायला जाऊ लागल्या, हंगामात कापूस वेचायला. नमस्कार केला तर मान हलवायच्या, तेवढंच. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. एवढ्या बोलक्या माणसाची बायको इतकी दगड कशी, असं वाटायचं.

यंदा मी हुशारी केली. तांड्याचा रस्ता रुंद होणार होता आणि झाड बरोबर त्यात येत होतं. मी सरपंच बादलच्या मागे लागून अर्ज करवला: स्वातंत्र्यवृक्ष वाचवा, स्मारक बांधा. चक्क मंजूर झालं. रस्ता झाडाला वळसा घालणार आणि झाडाभोवती दगडी चौथरा होणार. बादलनं पेढे वाटले. चौथऱ्याच्या पायासाठी चुन्याचं रिंगण आखलं, तेव्हा जमनीबाई येऊन त्या रिंगणात बसल्या. मला वाटलं, कौतुकानं आल्या.

"मॅडम, मशीन किती खोल जाते?"

"चार फूट," मी म्हणाले.

"तिच्या बापानं कमरेइतकंच खोदलं होतं."

कोणाच्या, असं मी विचारलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, बाजारातला कांद्याचा भाव सांगावा तशा आवाजात. मी रिंगणाबाहेर येऊन उभी राहिले.

खरं सांगितलं तर चौथरा रद्द होईल, पण मग ते झाड स्वातंत्र्याचं राहणार नाही. रस्ता सरळ जाईल आणि झाडासकट माती उपसून नेतील. गप्प राहिलं तर चौथऱ्यासाठी खोदतील. दोन्हीकडून संगीताच उघडी पडणार होती. मी हे बोलून दाखवलं. जमनीबाईंनी ऐकून घेतलं, पदर झटकला आणि बादलच्या घराकडे चालू लागल्या. मी मागोमाग.

ओसरीवर बादल होता आणि खाटेवर तांड्याचे म्हातारे नाईक, धनसिंग.

"तिथं खोदू नका," जमनीबाई म्हणाल्या. "लालीबाई तिथंच पुरली हाये. ह्यायनं मरतानी मले सांगतलं."

बादलचा चेहरा खुलला. चौथऱ्याच्या जागी समाधी, म्हणजे दुधात साखर! पण नाईकांनी मान वर केली.

"पुरली? लगन झालेल्या बाईले आपल्यात कधीपासून पुरून राह्यले? नाटकात तं तिच्या कडेवर लेकरू हाये. खोटं कायले बोलतं, जमनी?"

कडेवरची ती बाहुली मीच बाजारातून आणली होती. मला तोंड लपवावंसं वाटलं.

"लगन नोतं झालं तिचं," जमनीबाई म्हणाल्या. "नाटकासाठी वाढवलं ते. लालीबाई सहा वर्साची होती."

नाईक म्हणाले, "असं. मंग पुरलीच असन."

बादल आता खाटेच्या काठावर सरकला. "पण याडी, एवढीशी पोरगी मेली कशानं? गोळी लागली का?"

याडी म्हणजे आई. त्यानं पुन्हा विचारलं, "इंग्रजायची गोळीच ना?"

"हो," त्या म्हणाल्या. "लागली."

मी मध्ये बोलू शकले असते. बोलले नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

खोदकाम रद्द झालं. वरच्यावर फरशी बसवली, लांबून कठडा केला आणि काळ्या दगडावर अक्षरं कोरली: 'बालवीर लालीबाई'. बाया नारळ फोडायला येऊ लागल्या. जमनीबाईही येतात, चारचौघींसारखं लालीबाईचं नाव घेऊन नारळ फोडतात आणि कामाला जातात. संगीताचं नाव तिथे नाही, आता यायचंही नाही.

नाटक मला नव्यानं लिहावं लागलं. लिहिण्याआधी मी जमनीबाईंच्या घरी गेले. त्या तूर पाखडत होत्या.

"लिहा काय लिहाचं ते," त्या म्हणाल्या.

मी उठले, तेव्हा सूप थांबलं.

"मॅडम, तिनं पाणी मागतलं होतं. हगवणीत पाणी देऊ नको, अजून वाढन, असं सासू म्हणे. म्या नाही देलं. नाटकात द्या."

पंधरा ऑगस्टला पहिलीतली वर्षा लालीबाई झाली. गोळी लागली, ती पडली, "पाणी" म्हणाली. चौथीतल्या पोरीनं तांब्या तिच्या तोंडाला लावला. एक घोट घेऊन मान टाकायची, असं मी दहादा शिकवलं होतं. पण ऊन कडक होतं आणि वर्षाला खरोखरच तहान लागली असावी. ती उठून बसली आणि दोन्ही हातांनी तांब्या धरून गटागटा प्यायला लागली. सगळा तांडा हसला. नाईक हसले, मीही हसले.

जमनीबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या, सत्काराची शाल आणि नारळ मांडीवर घेऊन. तांब्या रिकामा होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"पुरं पेली," त्या म्हणाल्या.