‘डिस्क सापडली नाही’ म्हणे!

रागोबाला राग यायचा नाही. तो मुक्कामालाच रागात असायचा. जेवायला, झोपायला तेवढा थोडा वेळ बाहेर पडायचा. घरच्यांनी लहानपणी ठेवलेलं हे नाव त्याला इतकं चपखल बसलं, की खरं नाव विचारलं तर त्यालाही क्षणभर आठवावं लागे. धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. दुकान जिन्याखाली. दारातून ताठ मानेने शिरलं की वरची पायरी डोक्यात बसे, त्यामुळे रोजची भवानी शिवीनेच व्हायची.

हातात जादू होती, जिभेवर निखारे. बंद पडलेलं यंत्र दुरुस्त व्हायचं, पण तोवर गिऱ्हाईक बिघडलेलं असायचं. ‘‘कीबोर्डवर दूध सांडलं? का हो, त्याला बाळसं धरायचं होतं?’’ हा त्याचा नमस्कार. एकेक करत सगळे कंपनीच्या माणसाकडे गेले. तो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, ‘सर, सर’ करायचा आणि हसतमुखाने सांगायचा, की हे भंगारात टाका, नवीन घ्या. रागोबाला एवढंच कळत नसे, की जो माणूस काहीच दुरुस्त करत नाही त्याला लोक दुरुस्तीसाठी का बोलावतात!

अखेर त्याच्याकडे एकच यंत्र उरलं. वहिनीचं.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला तेव्हा सगळ्यांनी तिला त्याचं बुटांचं वर्कशॉप विकायचा सल्ला दिला. तिने सल्ला ऐकला, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच कातडं कापायला बसली. तिच्याकडे साध्या बुटांना कोणी येत नसे. एक पाय आखूड, बोटं वाकडी, टाच फिरलेली, असे रुसलेले पाय यायचे. ती मापं घ्यायची, कॉम्प्युटरवर पायाचा आराखडा काढायची आणि मग त्या पायाला पटेल असा बूट करायची. सगळ्या वस्तीचे वाकडे पाय त्या एका डब्यात सुखाने नांदत होते.

पण डब्यातल्या जुन्या डिस्क हल्ली कुरकुरायला लागल्या होत्या, म्हणून वहिनीने दोन नव्या एसएसडी आणल्या. च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या, आत फिरणारं काही नाही, आवाज नाही. त्यांच्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालायची आणि जुन्या डिस्कवरचे सगळे पाय इकडे आणायचे, एवढंच काम. तासाभराचं.

‘‘भाऊजी, आज हे झालंच पाहिजे,’’ सकाळी तो वर्कशॉपमध्ये येताच वहिनी म्हणाली. ‘‘नाही झालं, तर उद्या कंपनीच्या माणसाला बोलावते. माझा नाइलाज आहे.’’

रागोबाने हत्यारांची पिशवी टेबलावर आपटली. भावाच्या खुर्चीत, भावाच्या यंत्रापुढे, तो इस्त्रीचा शर्ट! मग त्याच्या तोंडून जे शब्द फुटले, त्यांनी भिंतीवरचे लाकडी साचे हलले.

कोपऱ्यात स्टुलावर टपालवाला बसला होता. त्याचा डावा पाय दोन बोटं आखूड. त्या बुटाचा जाड तळ मधोमध दुभंगलेला. नव्या तळाचा आराखडा यंत्रात.

‘‘माझा पाय निघेल ना हो यातून?’’

‘‘तुमचा पाय निघेल. जीभ आत ठेवा,’’ रागोबा म्हणाला, आणि पेनड्राइव्ह लावून कामाला लागला.

पडद्यावर नवी सिस्टिम दिमाखात उगवली. भाषा विचारली, देश विचारला, अटी मान्य करून घेतल्या. आणि एवढी सगळी चौकशी झाल्यावर थंडपणे म्हणाली: एकही डिस्क सापडली नाही.

‘‘नाही?’’ रागोबा उठलाच. ‘‘मी या हातांनी बसवल्यात! स्क्रूसकट!’’

त्याने डबा उघडला. पट्ट्या काढल्या, पुसल्या, पुन्हा बसवल्या. तो मसुराएवढा स्क्रू जमिनीवर पडला. तो शोधायला टपालवाल्यालाही गुडघ्यावर आणलं. मग पेनड्राइव्ह बदलला. पडदा तोच: सापडली नाही.

‘‘भाऊजी,’’ कातड्याला भोकं पाडता पाडता वहिनी म्हणाली, ‘‘मागच्या वेळी तुम्ही...’’

‘‘वहिनी, मध्ये बोलू नका!’’

मदरबोर्डच्या, म्हणजे डब्यातल्या मुख्य पाटीच्या, स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर तो गेला. तिथे दोन्ही एसएसडी नावानिशी हजर! म्हणजे घरमालक म्हणतो भाडेकरू आहेत, आणि दारात उभा राहिलेला पाहुणा म्हणतो घर रिकामं आहे.

आता रागोबाचा आवाज रस्त्यावर जाऊ लागला. ‘‘खोटारड्या! ‘नाहीत’ काय म्हणतोस? ‘मला दिसत नाहीत’ असं म्हण! ज्याला दिसत नाही त्याने निदान डोळे चोळावेत. हा आंधळा वर तोंड करून सांगतोय, की जगात काही नाहीच! पोटच्या लेकरासारखं बसवलंय मी त्यांना, आणि याला सापडत नाहीत! कोणी लिहिलं रे हे वाक्य? त्याला समोर आणा, त्याच्या चपला लपवतो आणि सांगतो, चपला अस्तित्वातच नाहीत!’’

‘‘भाऊजी, त्या वेळी जोडी...’’

‘‘मध्ये बोलू नका म्हटलं ना! आणि माझं चष्म्याचं घर कोणी घेतलं?’’

टपालवाल्याने दोन्ही हात वर केले.

‘‘भाऊजी, ते...’’

‘‘वहिनी!’’

वहिनीने खांदे उडवले आणि पुढचं भोक पाडलं.

मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये एकेक पान उलटत रागोबा खाली गेला, आणि थबकला. डिस्क साध्या पद्धतीने ठेवलेल्याच नव्हत्या. दोन डिस्कची जोडी लावायची, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उतरायचं, अशी व्यवस्था चालू होती. अशा व्यवस्थेत डिस्कशी बोलायला सिस्टिमला ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो. तो नसला, की तिच्या लेखी समोर कोणीच नाही.

‘‘माझ्या मागे इथे कोणीतरी हात घातलाय!’’ तो गरजला. ‘‘कोणत्या गाढवाने केलं हे?’’

वहिनीने हत्यार खाली ठेवलं.

‘‘त्या गाढवाला मी चांगली ओळखते,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचे दादा गेले त्या वर्षी आलं होतं ते. म्हणालं, ‘वहिनी, एक डिस्क गेली तरी दुसरी राहील. तुमच्यावर पुन्हा तशी वेळ येऊ देणार नाही.’ ही जोडी त्यानेच लावली. कसला तरी ड्रायव्हरही घातला होता.’’

स्वभावाला जागून रागोबा म्हणाला, ‘‘मग मला सांगितलं का नाही?’’

‘‘‘सांगितलं नाही’ काय म्हणता भाऊजी? ‘मला ऐकू आलं नाही’ म्हणा.’’

टपालवाला खोकला. तो खोकला नव्हता.

रागोबाने पडद्याकडे पाहिलं. तिकडचा आंधळा त्याच्याकडे बघत होता. दोघांची ओळख पटायला उशीर झाला होता.

जोडीची सेटिंग बंद केली असती, तर नव्या डिस्क लगेच दिसल्या असत्या. इस्त्रीच्या शर्टाने तेच केलं असतं, आणि कुरकुरणारी जुनी जोडी विस्कटली म्हणून ‘सर, जुनं विसरा’ असं हसत सांगितलं असतं. रागोबाने मान हलवली. ‘‘जोडी मोडायची नाही,’’ तो पुटपुटला. मोबाइलवरून मदरबोर्डवाल्यांच्या साइटवर जाऊन त्याने ड्रायव्हर उतरवला, पेनड्राइव्हवर घातला. इन्स्टॉलच्या पडद्याच्या तळाशी, कोणाला दिसू नये अशा बेताने, ‘ड्रायव्हर लोड करा’ लिहिलेलं होतं. (‘‘लपवा! अजून बारीक लिहा!’’) त्याने तिथे क्लिक केलं.

पडदा जरा घुटमळला, आणि जुन्या जोडीखाली दोन नव्या ओळी उमटल्या. दोन्ही एसएसडी, एकीखाली एक.

संध्याकाळपर्यंत सिस्टिम चढली, डब्याची झाकणं बसली, जुन्या डिस्कवरून पाय येऊ लागले. टपालवाल्याचा डावा पाय पडद्यावर दिसताच त्याने वाकून स्वतःच्या पायाशी ताडून पाहिला.

‘‘उद्याचं ते राहू द्या हं,’’ वहिनी कातडं उलगडत म्हणाली. ‘‘कंपनीच्या माणसाचं.’’

हत्यारं पिशवीत भरताना रागोबा गुणगुणतोय असा टपालवाल्याला भास झाला.

‘‘आणि भाऊजी, आणखी एक...’’

‘‘वहिनी, मध्ये...’’ रागोबाने तोंड मिटलं. कान लाल झाले, मानेची शीर टरारली. प्रेशर कुकरने शिट्टी गिळावी तसं त्याने काहीतरी गिळलं. ‘‘बोला.’’

‘‘तुमचं चष्म्याचं घर. डब्याच्या आत राहिलंय.’’

रागोबाने सगळे स्क्रू लावलेल्या डब्याकडे पाहिलं.

‘‘आणि हे तुम्ही मला आत्ता सांगता?’’

‘‘दुपारपासून सांगतायत त्या,’’ टपालवाला स्टुलावरून म्हणाला, आणि एक बूट हातात घेऊन, लंगडत का होईना, दारापलीकडे झाला.